उघडं सापडलं तर उघडं

आमच्याकडे पोराला देवाचं नाव शिकवायच्या आधी फाटकाचा नियम शिकवतात. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. बंद सापडलं तर आपण पार झाल्यावर बंद, उघडं सापडलं तर उघडं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. उघडं फाटक बघून "अरेरे, कुणीतरी विसरलं वाटतं" म्हणत लावून घेणारा शहाणा हमखास शहरातून आलेला असतो, आणि त्याच्या शहाणपणापायी पलीकडची गुरं पाण्यावाचून तडफडतात. असा एक शहाणा सहा वर्षं माझा नवरा होता, म्हणून अनुभवाने सांगते.

दुसरा नियम गाडीचा. चालवणारा उतरत नाही. शेजारी बसलेल्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पुढे गेली की लावायचं आणि धावत येऊन बसायचं. विराबिलावर, म्हणजे आमच्या गुरांच्या रानात, गाडी माझा बाप चालवतो. आई होती तेव्हा ती उतरायची, ती गेल्यापासून मी उतरते. माझी पन्नाशी जवळ आली, एक गुडघा कामातून गेला, कुठल्या गाईला कुठला वळू द्यायचा हे आता निम्मंअधिक मीच ठरवते. पण चाकामागे बसायचं तर डॅड आजारी पडायला हवा. आणि मर्व्ह हॅड्रिक आजारी पडत नाही.

त्या ऑक्टोबरात पश्चिमेचा वारा सुटला तो थांबायचं नावच घेईना. पत्रे वाजत, फाटकांच्या साखळ्या वाजत, आमची कुत्री टिन उगाचच भुंकत अंगणभर फिरे. माझाही पाय घरात ठरत नव्हता. चहा टाकायचा आणि न पिताच बाहेर पडायचं, असं चाललं होतं. कारण होतं. नाशपातीच्या कुरणात आमच्या निवडक कालवडी होत्या. पणजोबापासून आमचा एकच धंदा: हेरफर्ड गुरं, तांबडं अंग नि पांढरं तोंड, आणि लोकांना वळू विकायचे. लोक आमच्या नावावर वळू नेतात. बाप कोण, आई कोण, हे आम्ही सांगतो आणि ते मानतात. या कालवडी मी दोन वर्षं पारखून बाजूला काढल्या होत्या. पुढच्या आठवड्यात जनावरांची डॉक्टर येऊन त्या सगळ्या बाहेरून मागवलेल्या वळूच्या बीजाने भरवणार होती. त्यांच्यातल्या बहुतेक आमच्या म्हाताऱ्या वळूच्या, बिशपच्या पोरी. म्हणून तर बिशपला त्यांच्यापासून लांब, ओढ्याकडच्या कुरणात ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी मी मोटारसायकलवर कालवडींचा पाण्याचा हौद बघायला गेले. नाशपातीचं फाटक उघडं होतं. म्हणजे वाऱ्याने नाही, कुणी अर्धवट ढकललेलंही नाही. पार मागे कुंपणापर्यंत नेलेलं आणि गवताच्या गठ्ठ्यांच्या निळ्या सुतळीने खांबाला बांधलेलं. आमच्याकडे बांधलेलं फाटक म्हणजे लिहून ठेवल्यासारखं: हे मुद्दाम उघडं आहे, हात लावू नका. त्या फाटकातून दोन कुंपणांमधली गल्ली लागते, गल्लीतून गुरं कोंडायचं यार्ड. मला वाटलं, डॅडने कालवडींना यार्डाची सवय लागावी म्हणून वाट मोकळी केली असेल. हौद भरलेला होता. मी आले तशी परत गेले, आणि फाटक उघडं सापडलं म्हणून उघडं ठेवलं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, वळणापलीकडे, बिशपच्या कुरणाचं फाटक आहे. ते मला तिथून दिसत नव्हतं. तेही उघडं होतं.

दुपारी जेवताना डॅड म्हणाला, "बिशप कुठे दिसला नाही ग आज."

"झोपला असेल ओढ्यात."

"बिशप आणि झोपतो?"

आम्ही पिकअप काढली. मी उतरले, फाटक, बसले. उतरले, फाटक, बसले. वळणावर बिशपचं फाटक सताड उघडं दिसलं तेव्हा डॅडने एक शब्द उच्चारला, जो आई असती तर तिने उच्चारू दिला नसता. नंतर गाडी त्याने अशी हाणली की टिन मागच्या हौद्यात लोळत गेली.

बिशप कालवडींच्या मधोमध उभा होता. नऊशे किलोंचा देह, मान वर, ओठ वळवलेला. एक कालवड त्याच्या बरगडीला अंग घासत होती. दोन-तीन माजावर होत्या हे मला लांबूनच कळलं. किती जणींवर तो चढून गेला होता हे मात्र कुणालाच कळणार नव्हतं. आपल्याच पोरींवर.

"आयला," मी म्हटलं. मला रडू आलं. दोन वर्षं मी त्यांची पाठ, पाय, कास, चाल बघत होते. कुणाच्या तरी अंत्यविधीलाही मी त्यांचाच विचार करत बसले होते.

डॅड गाडीतून उतरला. हो, तो उतरला. फाटकाकडे चालत गेला, त्याच्याशी काही वेळ पाठमोरा उभा राहिला आणि परत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि उजवा हात खिशात होता.

"कुणी उघडलं?"

"मी सकाळी आले तेव्हा उघडंच होतं. बांधलेलं होतं."

"आणि तू तसंच ठेवलंस."

"मग काय करणार होते? बांधलेलं फाटक होतं, डॅड!"

मला गाठ आठवत होती. सकाळीच मी ती पाहिली होती, नुसती ओझरती, पण पाहिली होती. एक फेरा, मागून फास, टोक वर. आमच्या घरात ती गाठ एकच माणूस मारतो.

बिशपला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. टिनने त्याच्या पायांना चावे काढले, मी काठी मोडली, डॅडने घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. बिशप मात्र स्वतःच्या मर्जीनेच निघाल्यासारखा निवांत चालत गेला.

त्यानंतर डॅडचं जे सुरू झालं ते बघवेना. तो शेजारच्या कॉलिनला फोन करून म्हणाला, "तुझी माणसं डुकरांच्या शिकारीला माझ्या गल्लीतून गेली होती का?" कॉलिन म्हणाला, माझ्याकडे माणसंच कुठली, मी एकटा नि माझा संधिवात. मग डॅडने विजेच्या तारा बघणाऱ्या कंपनीला फोन केला आणि तिथल्या मुलीला धारेवर धरलं. मग दुधाच्या टँकरवाल्याला, जो आमच्याकडे कधी येतच नाही. घरातल्या घरात येरझाऱ्या. खुर्चीत बसला की उठला, उठला की टोपी घातली, टोपी घातली की मला हाक.

"लिओ! चल, फाटकं बघून येऊ."

आणि आम्ही फाटकं बघून यायचो. सकाळी एकदा, न्याहारीनंतर एकदा, दुपारी डोळा लागतोय तोवर पुन्हा. तो चालवणार, मी उतरणार. माझा गुडघा मला शिव्या देत होता. प्रत्येक फाटकाशी तो काचेतून बघायचा आणि विचारायचा, "लावलंस?"

"लावलं."

"साखळी?"

"साखळी पण. येऊन बघ ना!"

तो येऊन बघत नव्हता. काचेतूनच बघायचा. मला राग यायचा, आणि मग ती गाठ आठवायची, आणि राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही. रागवायला समोर कुणी चोर असता तर किती बरं झालं असतं. इथे चोर माझ्या शेजारी बसून सगळ्या जिल्ह्यात चोर शोधत होता.

शनिवारी माझा भाऊ डॅरन टॅमवर्थहून आला. तो तिथे ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे, त्याचे बूट नेहमी स्वच्छ असतात, पण गुरांत अजून कुणापेक्षा कमी नाही. डॉक्टर मॉयरा पण आली. आम्ही कालवडी यार्डात घेतल्या, एकेक करून खोड्यातून काढल्या. मॉयरा स्पष्ट बोलणारी आहे.

"आत्ता काही कळायचं नाही. दोन आठवडे थांबू, मग सगळ्यांना इंजेक्शन देऊ. जे राहिलं असेल ते पडून जाईल. मग त्या पुन्हा माजावर आल्या की भरवू. तुमची वासरं या साली उशिरा होतील, एवढंच."

"एवढंच," डॅड म्हणाला.

"मर्व्ह, यापेक्षा वाईट प्रकार मी गेल्याच महिन्यात बघितलाय. सांगू का कुणाकडे?"

"नको. आमचं कुणाला सांगणार तेवढं सांग."

मॉयरा हसली. डॅड हसला नाही. तो खोड्याचं दार धरून उभा होता आणि एकच दार तीनदा लावून बघत होता.

मॉयरा गेल्यावर डॅड हात धुवायला गेला, तेव्हा डॅरनने मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"तोच होता ना?"

मी सुतळीचा गठ्ठा गुंडाळत राहिले.

"लिओनी, मी विचारतोय. गेल्या ख्रिसमसला त्याने माझ्या पोराला तीनदा माझ्या नावाने हाक मारली. तेव्हाही तू म्हणालीस, ऐन उन्हाळा आहे, ऊन लागलं असेल."

"ऊन होतंच."

"आज फाटक आहे. उद्या वळू असेल, आणि हा आपला त्याच्या मागे उभा. मग काय, तेही उघडं सापडलं म्हणून उघडं ठेवायचं?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "गावात हॉस्पिटलजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी छान घरं झालीत. मी त्याला एक दाखवून आणलं. तू एकदा स्पष्ट सांग त्याला की ती फाटकं त्यानेच उघडली होती म्हणून. तुझं ऐकेल तो."

"मी सांगायचं."

"माझं ऐकलं असतं तर मी ट्रॅक्टर विकत बसलो नसतो."

तो खरं तेच बोलत होता, आणि मला त्याला टाकीत बुडवावंसं वाटत होतं. विराबिलावरून गावात गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी कुठे असतो ते मला ठाऊक आहे. कॉलिनचा भाऊ गेला होता. खिडकीत बसून गाड्या मोजायचा म्हणे. पण डॅरन म्हणतो तेही दिसत होतं: बिशपच्या मागे उभा डॅड, आपण कशाला आलो ते आठवत. सांगितलं तर तो खचणार. नाही सांगितलं तर तो चोर शोधत फिरणार, आणि कधीतरी त्याला सापडणार, एकटा असताना.

संध्याकाळी मी खारवलेलं बीफ उकडलं होतं, बटाटे, भोपळा, मोहरीचा सॉस. आम्ही तिघं बसलो. वारा अजून पत्रे खडखडवत होता. डॅड ताटाकडे बघत म्हणाला, "त्या वीजवाल्यांच्या साहेबाला सोमवारी पुन्हा फोन करतो. त्यांची गाडी त्या दिवशी—"

"डॅड, मीच उघडलं होतं," मी म्हणाले.

डॅरनचा काटा हवेत राहिला. मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर मात्र मला फार बरं वाटलं. घ्या, सापडला चोर. आता सोड बिचाऱ्या वीजवाल्यांना, आणि झोप नीट.

"कालवडी यार्डात आणायच्या म्हणून आदल्या दिवशी उघडलं, बांधलं, आणि विसरले. बिशपचं पण मीच. बोलायची हिंमत झाली नाही. चूक झाली."

डॅडने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे निळे आहेत, आणि गुरं पारखताना तो जसं बघतो तसं त्याने बघितलं, खुरांपासून वर. मग खिशात हात घालून निळ्या सुतळीचा तुकडा काढला आणि मिठाच्या डबीशेजारी ठेवला. गाठ तशीच होती. खांबावरून गाठ न सोडता सरकवून काढलेली.

"तू दोन फेरे मारतेस," तो म्हणाला. "तुझ्या आईसारखे. आडवे. तुला लहानपणी किती सांगितलं, भिजल्यावर ती सुटत नाही, पण तू आईचीच." त्याने बोटाने सुतळी थोडी सरकवली. "ही माझ्या बापाची गाठ आहे. बुधवारीच काढून घेतली. तू बघू नयेस म्हणून."

"मी सकाळीच बघितली होती."

"हं. मला वाटलंच."

कुणी जेवेना. टिनने टेबलाखाली सुस्कारा सोडला.

"मग चार दिवस कॉलिनला नि त्या बिचाऱ्या मुलीला कशाला छळलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला थांबवता येईना. "मला उन्हातान्हात गोल गोल कशाला फिरवलंस?"

"कुणीतरी दुसरं निघालं असतं तर बरं झालं असतं," डॅड म्हणाला. "मी प्रयत्न करून बघितला." मग मिठाची डबी सरळ करत म्हणाला, "मला आठवलं सुद्धा. शुक्रवारी. आंघोळ करताना. गेल्या वर्षी याच दिवसांत नाशपातीचं कुरण रिकामं होतं, तिथे गवत चांगलं आलं होतं, म्हणून आपण बिशपला गल्लीतून तिकडे सोडला होता. दोन्ही फाटकं बांधून. आठवतं?"

आठवत होतं.

"मी गेल्या वर्षीचं काम केलं, लिओ. अगदी नीट केलं."

डॅरनने घसा साफ केला. "डॅड, ते गावातलं घर—"

"बघितलं मी ते घर. खिडकीतून पार्किंग दिसतं. मुकाट्याने जेव." पण ते तो नेहमीच्या जोराने म्हणाला नाही. डॅरननेही मान खाली घालून भोपळा खाल्ला. लहानपणी त्याला भोपळा आवडायचा नाही.

भांडी मी घासली. सुतळी टेबलावरच राहिली. ती फेकवतही नव्हती आणि उचलून ठेवायची कुठे तेही सुचत नव्हतं. शेवटी डॅरनने ती उचलली, गाठ थोडी निरखली आणि परत ठेवली. "मला ही कधी जमलीच नाही," तो म्हणाला. डॅरनवर चिडायचं मी त्या क्षणी सोडलं.

सकाळी वारा पडला होता. इतक्या दिवसांनी एवढी शांतता की उलट अंगावर येत होती. डॅरनची गाडी धूळ उडवत निघून गेली. जाताना त्याने मला म्हटलं, "तू बघ मग." एवढंच. मी घरी चहा ओतला, न पिता ठेवला. बाहेर डॅडने पिकअपजवळ उभं राहून हाक मारली.

"लिओ! येतेस का? कालवडी बघून येऊ."

मी टोपी घालून बाहेर आले आणि सवयीने डावीकडच्या दाराकडे वळले. ते दार उघडं होतं आणि आत डॅड बसला होता. पट्टा लावून. हात मांडीवर, समोर बघत.

मी तशीच उभी राहिले.

"काय बघतेस? गुरं वाट बघतायत."

मी वळसा घालून उजवीकडे गेले. चाकामागे बसले. सीट त्याच्या उंचीची होती, माझे पाय नीट पोचेनात. सीट पुढे ओढताना तिचा आवाज झाला, आणि आम्ही दोघांनीही तो न ऐकल्यासारखं केलं. टिन मागे चढली, मागच्या काचेतून आत बघून एकदा भुंकली. तिलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असणार.

"क्लच दाबून धर. तिसरा अडकतो," डॅड म्हणाला.

"माहिताय."

"माहिताय म्हणे."

पहिल्या फाटकाशी मी थांबले. डॅड उतरला. त्याला उतरताना मी असं पहिल्यांदाच बघत होते: आधी एक पाय, मग दार धरून दुसरा, मग थोडं थांबून पाठ सरळ. साखळी काढली, फाटक ढकललं, स्वतः त्याच्याबरोबर चालत मागे गेला. मी गाडी पुढे घेतली आणि थांबले. आरशात बघितलं.

तो फाटकाशी उभा होता. हातात साखळी. फाटकाकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, पुन्हा हातातल्या साखळीकडे. मी इंजिन बंद केलं. उतरून जावं असं अंगात येत होतं, पाय दारापर्यंत गेला होता. पण चालवणारा उतरत नाही. मी चाक घट्ट धरून बसले.

तो चालत माझ्या खिडकीशी आला. उन्हाला हात आडवा धरला.

"लिओ," त्याने विचारलं, "हे आपल्याला बंद सापडलं की उघडं?"

"बंद, डॅड."

"बंद," तो म्हणाला. परत गेला. फाटक लावलं, साखळी अडकवली, एकदा ओढून पाहिली. येऊन बसला, दार ओढून घेतलं. मी इंजिन सुरू केलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर मला रडू फुटलं असतं, आणि आमच्याकडे गाडी चालवताना रडत नाहीत.

पुढे चढ आहे. तिसरा अडकलाच. डॅडने हूं की चूं केलं नाही, म्हणजे किती कष्टाने गप्प बसला असेल ते मला कळलं. चढ संपला की नाशपातीचं फाटक दिसतं. त्यामागे कालवडी उन्हात पसरल्या होत्या, पांढरी तोंडं सगळी आमच्याकडे. मी गाडी हळू केली आणि तो दाराला हात लावायच्या आधीच म्हणाले, "बंद आहे, डॅड."

"आंधळा नाही झालो अजून," डॅड म्हणाला, आणि फाटक उघडायला उतरला.